तीन गोलांचा मानकरी : नेव्हिल डिसूझा



खाशाबा जाधवांचे नाव आपल्या शाळेत पहिलीच्या मुलालाही ठाऊक आहे. हेलसिंकीला १९५२ साली कुस्तीत पदक मिळवणारा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान! त्यांची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली. पण त्यांच्यानंतर चारच वर्षांनी मुंबईच्या एका फुटबॉलपटूने ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम केला, की तो आशिया खंडातल्या कोणत्याच खेळाडूने तोवर केला नव्हता. त्याचे नाव मात्र आपल्यातल्या फार थोड्यांनी ऐकले असेल. ते नाव आहे नेव्हिल डिसूझा. आज त्यांचीच माहिती घेऊ या.

खेळाची तोंडओळख

आपल्याकडे कबड्डी, खो-खो आणि कुस्ती हे घरचे खेळ. क्रिकेट तर बांधावर, पाटाच्या कडेला, कुठंही चालते. फुटबॉल त्या मानाने कमी. म्हणून आधी थोडक्यात सांगतो. प्रत्येक बाजूला ११ गडी. त्यातला एक गोलरक्षक, त्यालाच फक्त हात लावायची परवानगी. बाकीच्यांनी पायाने, छातीने नाहीतर डोक्याने चेंडू पुढे न्यायचा. समोर २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असा गोल असतो. त्यात चेंडू गेला की एक गोल झाला. सामना दीड तासाचा, मध्ये मध्यंतर.

ऐकायला सोपे वाटते. पण दीड तासात दोन्ही बाजूंचे मिळून दोन-तीन गोल झाले तरी पुष्कळ झाले असे समजतात. कित्येक सामन्यांत तर एकही गोल होत नाही. अशा खेळात एकाच गड्याने एकाच सामन्यात तीन गोल केले, तर त्याला हॅट्ट्रिक म्हणतात. हॅट्ट्रिक म्हणजे किती अवघड गोष्ट, हे आता ध्यानात आले असेल. आणि ती जर ऑलिंपिकमध्ये केली तर? नेव्हिल डिसूझा यांनी नेमके तेच केले.

मूळ गाव आसगाव, मुक्काम मुंबई

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ चा. मूळ गाव गोव्यातले आसगाव. हे गाव बार्देश तालुक्यात येते. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. गोव्यातली हजारो माणसे पोटापाण्यासाठी मुंबईला येत. कोणी बोटीवर खलाशी, कोणी आचारी, कोणी वाजंत्री, कोणी कचेरीत कारकून. धोबीतलाव, माझगाव, गिरगावातले कावेल अशा भागांत त्यांची वस्ती होती. एकेका गावाच्या लोकांनी मिळून राहायच्या खोल्या घेतलेल्या असत, त्यांना कूड म्हणत. गावचा नवखा माणूस मुंबईत उतरला, की तो आधी आपल्या गावच्या कुडीत जायचा. आपल्या भागातले लोकही मुंबईला माथाडी कामाला नाहीतर गिरणीत जायचे, तेव्हा गाववाल्यांच्या खोलीतच उतरायचे. तसलाच हा प्रकार.

ही माणसे येताना दोन गोष्टी बरोबर आणत, एक गाणे-बजावणे आणि दुसरा फुटबॉल. त्यामुळे मुंबईच्या फुटबॉलमध्ये गोवेकरांचा भरणा मोठा होता. नेव्हिल याच वातावरणात तयार झाले. त्यांचे बंधू डेरेक हेही पुढे भारताकडून फुटबॉल खेळले. एका घरातले दोन भाऊ देशाकडून खेळतात, ही काही लहान गोष्ट नव्हे.

दिवसा नोकरी, संध्याकाळी मैदान

आजच्यासारखे खेळाडूंना कोट्यवधी रुपये मिळायचे ते दिवस नव्हते. फुटबॉल खेळून पोट भरत नसे. मुंबईत मोठमोठ्या कंपन्यांचे स्वतःचे संघ असत. चांगला खेळाडू दिसला की कंपनी त्याला नोकरी देई. दिवसा काम करायचे आणि संध्याकाळी मैदानात उतरायचे. आपल्या भवानीनगरच्या कारखान्यात माणसे पाळीवर जातात आणि घरी येऊन पुन्हा रानात राबतात, तसेच ते दुहेरी कष्ट होते.

नेव्हिल हे टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळले. मुंबईची हारवुड लीग ही त्या वेळची मोठी स्पर्धा. फुटबॉलचे मुख्य मैदान कूपरेज. ते ओव्हल मैदानाजवळच आहे. पावसाळ्यात तिथे चिखल व्हायचा, चेंडू भिजून जड व्हायचा. त्या चिखलात पाय घट्ट रोवून जो खेळला तोच पुढे टिकला. मोठा सामना असला, की बेलवडीच्या रिंगणाला माणसे दाटतात तशी तिथे दाटायची.

याच कूपरेजवर रोव्हर्स कप नावाची अखिल भारतीय स्पर्धा होई. ती १८९१ पासूनची. देशातले नामांकित संघ तिथे येत. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा कप हैदराबाद पोलिसांच्या संघाने जिंकला. या संघाचे गुरू होते सय्यद अब्दुल रहीम. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

नेव्हिल यांची जागा आघाडीची. म्हणजे गोल करायची जबाबदारी त्यांच्यावर. आघाडीच्या गड्याचे काम मोठे विचित्र असते, बरं का! दीड तासात त्याच्या पायाशी चेंडू थोडाच वेळ येतो. उरलेला वेळ त्याने नुसते धावायचे, जागा शोधायची आणि वाट पाहायची. पण चेंडू आला की त्या क्षणी चुकायचे नाही. १९५४ साली मुंबईच्या संघाने संतोष ट्रॉफी ही राज्याराज्यांमधली स्पर्धा जिंकली. त्या मुंबई संघात नेव्हिल होते. भारतीय संघाचे दार तिथून त्यांना उघडले.

अनवाणी पायांचा संघ

नेव्हिल यांचे मोठेपण कळायला आधी भारतीय फुटबॉल तेव्हा कुठे होता ते पाहिले पाहिजे.

देश स्वतंत्र झाल्यावर पहिले ऑलिंपिक १९४८ साली लंडनला झाले. आपला संघ गेला. त्यातले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले! बूट घालून खेळायची सवयच नव्हती. पायाला पट्ट्या बांधायच्या आणि मैदानात उतरायचे. फ्रान्सविरुद्ध आपण २-१ असे हरलो, पण दोन पेनल्टी वाया गेल्या नसत्या तर निकाल वेगळा लागला असता. इंग्रज प्रेक्षकांनी या अनवाणी पोरांचे कौतुक केले.

पुढे १९५१ साली दिल्लीला पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, त्यात भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. सगळ्यांना वाटले, आता आपण तयार झालो.

पण १९५२ साली हेलसिंकीला काय झाले? फिनलंड हा उत्तरेकडचा थंड देश. मैदान गार आणि ओले. समोर युगोस्लाव्हियाचा बलाढ्य संघ. आपले बरेच खेळाडू अजून अनवाणीच. त्यातून आपल्या देशातले सामने तेव्हा ७० मिनिटांचे असत आणि तिकडे तर पूर्ण ९० मिनिटे खेळायचे. आपण १०-१ असे हरलो. होय, दहा-एक! ज्या हेलसिंकीत खाशाबांनी पदक मिळवले, त्याच हेलसिंकीत आपल्या फुटबॉलची अशी दैना उडाली.

त्यानंतर फुटबॉल संघटनेने बूट सक्तीचे केले. नियम कागदावर लिहिणे सोपे असते, पण ज्याचे पाय जन्मभर मोकळे राहिले, त्याला बूट घालून खेळायचे म्हणजे नव्याने चालायला शिकण्यासारखेच. ते काम कोणीतरी करून घ्यायला हवे होते.

रहीम मास्तर

ते काम केले सय्यद अब्दुल रहीम यांनी. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे रहीमसाहेब हे पेशाने शाळामास्तर होते. हैदराबादला शाळेत शिकवत आणि फुटबॉलही शिकवत. शाळेत मुलांना जसे आधी पाया पक्का करून मग पुढचे शिकवतात, तसेच त्यांनी खेळाडूंचे केले. चेंडू पायात धरून ठेवू नका, लगेच जोडीदाराला द्या. दोन्ही पायांनी मारायला शिका. एकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून खेळा. अशी त्यांची शिकवण.

१९५६ चे ऑलिंपिक ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला होते. त्यासाठी रहीम मास्तरांनी जो संघ बांधला तो पाहिला, म्हणजे अवघा देश डोळ्यांसमोर उभा राहतो. कप्तान बंगालचे समर उर्फ बद्रू बॅनर्जी, ते तर डॉक्टरकीचे विद्यार्थी. उजवीकडून मुसंडी मारणारे पी. के. बॅनर्जी अवघे २० वर्षांचे. हैदराबादचे अझीझुद्दीन, लतीफ, नूर मोहम्मद, झुल्फिकार आणि बलराम. म्हैसूरकडचे केंपय्या आणि कन्नय्यन. कृष्णस्वामी, त्यांना सारे किट्टू म्हणत. गोलरक्षक म्हणून फौजेतले उंचेपुरे पीटर थंगराज आणि मुंबईचे एस. एस. नारायण. आणि आघाडीवर आपले नेव्हिल डिसूझा, वय २४ वर्षे.

हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे एका संघात. कुणाची भाषा बंगाली, कुणाची उर्दू, तेलुगू, कन्नड, तमिळ, कोंकणी. एकमेकांची भाषा सगळ्यांनाच येत होती असे नाही. पण चेंडूची भाषा सगळ्यांना येत होती.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. नेव्हिल यांच्या छातीवर भारताचे नाव होते. पण त्यांचे मूळ गाव आसगाव अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. १९५५ साली गोवा मुक्तीसाठी महाराष्ट्रातून सत्याग्रही गेले आणि पोर्तुगिजांच्या गोळ्यांना बळी पडले. पुढे सीमा बंद झाली, मुंबईच्या गोवेकरांना स्वतःच्या गावी जाणे-येणे मुश्किल झाले. गोवा स्वतंत्र झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. म्हणजे गाव परक्याच्या राज्यात असताना गोव्याचा हा सुपुत्र स्वतंत्र भारतासाठी खेळत होता!

१ डिसेंबर १९५६

पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती. हंगेरी म्हणजे १९५२ चा सुवर्णपदक विजेता देश. पण त्या वर्षी हंगेरीत मोठा उठाव झाला होता आणि रशियाच्या फौजा तिथे शिरल्या होत्या. हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. त्यामुळे आपण न खेळताच पुढच्या फेरीत गेलो. काही लोक म्हणतात, भारताचे नशीब बलवत्तर. खरेच आहे, ते नशीबच होते. पण नशीब फक्त दारापर्यंत पोचवते. आत जायला पाय आपलेच लागतात.

दार होते ऑस्ट्रेलियाचे. यजमान संघ, घरचे मैदान, घरचे प्रेक्षक. १ डिसेंबर १९५६ ला मेलबर्नच्या ऑलिंपिक पार्क मैदानावर सामना सुरू झाला. आपल्याकडे डिसेंबर म्हणजे थंडी, हुरड्याची चाहूल लागते. तिकडे डिसेंबरमध्ये उन्हाळा असतो.

नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. भारत १, ऑस्ट्रेलिया ०.

पण ऑस्ट्रेलियाही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. सतराव्या मिनिटाला त्यांच्या ब्रूस मॉरोने फेड केली. १-१.

तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांचा दुसरा गोल. २-१. आता वाटले, मध्यंतराला आपण पुढे असणार. कशाचं काय! एकेचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा मॉरो, पुन्हा बरोबरी. २-२ वर मध्यंतर झाले.

दोनदा पुढे गेलो आणि दोनदा मागे ओढले गेलो. अशा वेळी भल्याभल्यांचा धीर सुटतो. परीक्षेत दोनदा बरोबर गणित खोडले गेले, की तिसऱ्यांदा सोडवायला हात उचलत नाही, तसे. पण मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी, म्हणजे पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी तिसरा गोल केला. ३-२. हॅट्ट्रिक!

ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. मग ऐंशीव्या मिनिटाला किट्टूंनी चौथा गोल करून शेवटची मोहोर उठवली. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. आपला देश ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचला. आशियातला कोणताही देश तोवर तिथे पोचला नव्हता.

आता कोणी म्हणेल, हाही नशिबाचाच खेळ असेल. तर ऐका. ऑलिंपिक संपल्यावर १२ डिसेंबरला सिडनी शहरात हेच दोन संघ पुन्हा भेटले. त्या वेळी भारताने ७-१ असा विजय मिळवला. एकदा जिंकले तर नशीब म्हणा, पण सात गोल काही नशीब आणून देत नाही.

पुन्हा युगोस्लाव्हिया

उपांत्य सामना ४ डिसेंबरला. समोर कोण? तोच युगोस्लाव्हिया, ज्याने चार वर्षांपूर्वी आपल्याला दहा गोल मारले होते!

सामन्याचा पहिला अर्धा भाग ०-० असा सुटला. युगोस्लाव्हियाला एकही गोल करता आला नाही. आणि मध्यंतरानंतर बावन्नाव्या मिनिटाला गोल झाला तो भारताचा! गोल करणारे पुन्हा नेव्हिल डिसूझा. ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारत १-० ने पुढे होता. जरा विचार करा, चार वर्षांपूर्वी दहा गोल खाऊन घरी परतलेला संघ आज त्याच संघाला मागे टाकून उभा होता.

ही आघाडी दोन-तीन मिनिटेच टिकली. पापेच नावाच्या खेळाडूने बरोबरी केली, लगेच वेसेलिनोविचने दुसरा गोल केला, मग पापेचने तिसरा. चौथा तर आपल्याच सलाम यांच्या पायाला लागून आपल्याच गोलात गेला. त्याला स्वयंगोल म्हणतात. आपण ४-१ ने हरलो.

हरणे ते हरणेच, त्याला सोन्याचा मुलामा द्यायचे कारण नाही. पण १०-१ आणि ४-१ यांत जे अंतर आहे, ते चार वर्षांच्या घामाने भरून काढलेले अंतर आहे. आणि त्या दोन-तीन मिनिटांची आघाडी कोणी दान दिलेली नव्हती.

चौथा नंबर

६ डिसेंबरला भारताच्या हॉकी संघाने पाकिस्तानला १-० ने हरवून सुवर्णपदक जिंकले. देशभर आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी, ७ डिसेंबरला, फुटबॉल संघ कांस्यपदकासाठी बल्गेरियाशी खेळला आणि ३-० ने हरला. सोने रशियाला, रुपे युगोस्लाव्हियाला, कांस्य बल्गेरियाला. भारताचा नंबर चौथा. चौथ्याला पदक नसते.

पण गोलांचा हिशेब मांडला तेव्हा सर्वांत जास्त गोल करणाऱ्यांत तीन नावे आली, प्रत्येकाचे चार-चार गोल. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि भारताचे नेव्हिल डिसूझा. पहिल्या दोघांच्या गळ्यात पदके पडली. तिसरा रिकाम्या गळ्याने मुंबईला परतला.

परतल्यावर पुन्हा तेच. नोकरी, कूपरेज, चिखल आणि चेंडू. १९५८ साली मुंबईच्या कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या संघाने रोव्हर्स कप जिंकला. त्या संघात नेव्हिल होते. ज्या मैदानावर बाहेरचे संघ येऊन कप घेऊन जात, तिथे मुंबईचा संघ विजयी झाला.

सरकारने खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार सुरू केला तो १९६१ साली. फुटबॉलचा पहिला पुरस्कार पी. के. बॅनर्जींना मिळाला. पुढे बलराम आणि थंगराज यांनाही मिळाला. हे सगळे मेलबर्नचे सोबती आणि तिघेही त्या मानाला लायक. पण अर्जुन पुरस्काराची यादी वरून खालपर्यंत वाचली, तरी तीत नेव्हिल डिसूझा हे नाव सापडत नाही.

रहीम मास्तरांनी १९६२ साली जाकार्ताला भारताला पुन्हा आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले आणि १९६३ मध्ये ते वारले. नेव्हिल यांनाही फार आयुष्य लाभले नाही. १६ मार्च १९८० रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने मुंबईत त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ४७ वर्षे.

नॉर्वेची गोष्ट

जाता जाता एका दूरच्या देशाची गोष्ट सांगतो. युरोपच्या उत्तर टोकाला नॉर्वे नावाचा देश आहे. डोंगर, बर्फ आणि समुद्र यांचा देश, लोकवस्ती अगदी विरळ. तिथलेही फुटबॉलपटू त्या काळी आपल्यासारखेच नोकरी-धंदा सांभाळून खेळत. १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये नॉर्वेच्या संघाने यजमान जर्मनीला २-० ने हरवले. पुढे तिसऱ्या जागेसाठी पोलंडशी सामना झाला. त्यात आर्ने ब्रुस्टाड या खेळाडूने तीन गोल केले आणि नॉर्वेने ३-२ ने कांस्यपदक जिंकले. त्या संघाला नॉर्वेचे लोक अजूनही कांस्य संघ म्हणून ओळखतात. ब्रुस्टाडचे नाव तिथे आजही घेतले जाते.

ब्रुस्टाडचीही हॅट्ट्रिक, नेव्हिल यांचीही हॅट्ट्रिक. दोघांनीही ऑलिंपिकच्या मैदानावरच केली. फरक एका पायरीचा, तिसऱ्या आणि चौथ्या नंबरचा. पण एवढ्याने एकाला देश आठवणीत ठेवतो आणि दुसऱ्याला विसरतो, हे काही बरोबर नाही.

आपण काय घ्यायचे?

१९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर भारताचा पुरुष फुटबॉल संघ ऑलिंपिकला पात्रच ठरलेला नाही. म्हणजे मेलबर्नचा चौथा नंबर हाच आजवरचा आपला सर्वांत वरचा नंबर. आणि ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारे भारतीय फुटबॉलपटू आजही एकच, नेव्हिल डिसूझा.

आपल्याकडे बक्षीस-समारंभात पहिल्या तिघांना बोलावतात. टाळ्या वाजतात, फोटो निघतो. चौथा मुलगा खाली बसून टाळ्या वाजवत असतो. घरी गेल्यावर त्याला विचारतात, काय रं, नंबर आला का? तो मान खाली घालतो. पालकहो, अशा वेळी त्याला एक प्रश्न आणखी विचारा. मागल्या वर्षी कितवा आला होतास? मागल्या वर्षी तो चाळिसावा असेल आणि यंदा चौथा, तर त्याने केवढा रस्ता कापला ते बघा. १०-१ पासून १-० पर्यंतचा रस्ता तसाच होता. त्यावर पदक मिळाले नाही म्हणून तो रस्ता खोटा ठरत नाही.

आणि मित्रांनो, आपल्यासाठी तीन गोष्टी. पहिली, नेव्हिल यांच्याकडे चेंडू पोचवणारे दहा जण होते. त्यांची भाषा, धर्म, प्रांत वेगळे होते. त्यांच्याशिवाय एकही गोल झाला नसता. दुसरी, दोनदा बरोबरी झाली तरी तिसऱ्यांदा जायचे. दोनवर थांबले असते तर हॅट्ट्रिक झाली नसती. तिसरी, संधी केव्हा येईल ते सांगता येत नाही. नव्वद मिनिटांत ती एखाद्या क्षणापुरती येते. त्या क्षणासाठी बाकीचा सगळा वेळ धावत राहावे लागते.

आता मधल्या सुट्टीत चेंडूला पाय लावाल, तेव्हा कोणीतरी गोल करील आणि आरडाओरडा होईल. त्या वेळी ज्याने चेंडू दिला त्याचेही नाव घ्या. आणि कोणी तीन गोल केलेच, तर त्याला सांगा, बाबा रे, हे तुझ्याआधी मेलबर्नला एका मुंबईकराने केलेले आहे, त्याचे नाव नेव्हिल डिसूझा.